धडा कोणीं लिहावयाचा?

गेल्या दिवाळींत माझी एक भाची चार दिवसांसाठीं आमच्या घरीं आली होती. एका जिल्ह्याच्या गांवीं परिचारिकांच्या विद्यालयांत ती प्रसूतिशास्त्र शिकविते. फराळाचीं ताटें नुकतींच मांडलीं होतीं. तिनें आपला संगणक उघडला आणि मला एक चित्र दाखविलें. पांढऱ्या चादरीवर रक्ताचा मोठा डाग पसरला होता. "मामा, हें रक्त किती असेल, सांगा पाहूं." फराळाच्या ताटापुढें असला प्रश्न परिचारिकाच विचारूं जाणे! मीं अंदाजानें म्हटलें, "असेल एक पेलाभर." ती म्हणाली, "दुपटीहून जास्त आहे. आणि एकटे तुम्हीच नव्हे, माझ्या वर्गांतल्या मुलीहि असेंच कमी सांगतात."

मग तिनें जें सांगितलें तें असें. बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेलें, म्हणजे तो धोक्याचा रक्तस्राव समजावा, असें पाठ्यपुस्तकें सांगतात. तें मोजण्याचें साधन हाताशीं नसलें, कीं नजरेनेंच अंदाज करावा लागतो. आणि नजर येथें बहुधा फसते, तीहि कमी सांगण्याच्या बाजूनें. रात्रीं दोन वाजतां एखाद्या नवशिक्या परिचारिकेनें "फारसें गेलें नाहीं" असें समजून अर्धा तास दवडला, तर बाळंतिणीच्या जिवावर बेततें. हा अंदाज पुस्तकांतील परिच्छेद वाचून येत नाहीं. डाग पाहून, चुकून, पुन्हां पाहून येतो. मात्र चुकावयाचें तें खाटेपाशीं नव्हे, वर्गांत.

यासाठीं तिला संगणकावर मराठींतून एक धडा करावयाचा होता. तिच्या विद्यालयांत संगणक आहेत. विकत घेतलेले तयार धडेहि आहेत. परंतु ते इंग्रजींत, त्यांतील दवाखाना परदेशांतला, आणि त्यांत काना-मात्रेचा बदल करण्याची सोय नाहीं. ती म्हणाली, "मामा, विषय मला येतो, यंत्र येत नाहीं. जें मला येत नाहीं तें करून देणारें कोणी हवें, आणि मधेंच अडलें तर ज्याला विचारावें असें कोणी हवें. कोणाला विचारूं?" मला उत्तर देतां आलें नाहीं. मी इतिहासाचा वाचक. म्हणून माझ्या संवयीप्रमाणें, तिच्याआधीं हा प्रश्न कोणाकोणाला पडला होता तें शोधूं लागलों. आजचें भाषण हें त्या शोधाचें फळ होय.

ज्याला आपण आज ई-लर्निंग म्हणतों, त्या शिक्षणाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या नांवांनीं सांगितला जातो. अमुक सालीं अमुक यंत्र आलें, मग त्याहून लहान आलें, मग तें खिशांत मावूं लागलें. हें सर्व खरें आहे. परंतु यंत्रावर जो धडा दिसतो तो कोणीं लिहिला, लिहितांना त्याला कोणीं हात दिला, आणि त्या हाताचा पगार कोणीं भरला, हें विचारलें कीं पुस्तकें अबोल होतात. वैद्यकांत तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. व्याकरणाचा धडा चुकीचा लिहिला तर मुलाचे गुण जातात. रक्तस्रावाचा चुकीचा लिहिला तर काय जाईल, तें सांगावयास नको.

नभोवाणीवरून बोलणाऱ्यानें प्रथम नभोवाणीचेंच उदाहरण घ्यावें, हें ओघानेंच आलें. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. भोंवतालच्या लहान गांवांतील डॉक्टरांना नवें ज्ञान मिळविण्यासाठीं तेथें येणें जमत नसे; मागें रुग्ण कोणावर सोपवावयाचे? तेव्हां तेथील वैद्यकीय महाविद्यालयानें १९५५ सालीं एक युक्ति काढली. ठरलेल्या वेळीं हे डॉक्टर आपापल्या रुग्णालयांत रेडिओभोंवतीं जमत, प्राध्यापकांचें व्याख्यान ऐकत, आणि मग, खरी खुबी येथेंच आहे, उलट प्रक्षेपणाच्या सोयीनें प्राध्यापकांना प्रश्न विचारीत. तुम्हांला या क्षणीं मला अडवितां येत नाहीं. त्यांना तें येत होतें. पुढें १९५८ सालीं महाविद्यालयानें स्वतःचें केंद्र सुरू केलें. त्याच्या डब्ल्यू-ए-एम-सी या नांवांतील शेवटचीं तीन अक्षरें त्या महाविद्यालयाचींच होत. १९८० नंतर पैशाची ओढाताण होऊं लागली, आणि महाविद्यालयानें तें केंद्र सोडून दिलें. केंद्र दुसऱ्या हातीं जाऊन जगलें. नांवांतील अक्षरें तेवढीं जुन्या घराचीं राहिलीं.

आतां ज्या ठिकाणीं मी थोडा अधिक थांबणार आहें, तें इलिनॉय राज्यांतील अर्बाना. मक्याच्या शेतांनीं वेढलेलें हें विद्यापीठाचें गांव. तेथें १९६० सालीं डोनल्ड बिट्झर नांवाच्या तरुण विद्युत्-अभियंत्यानें संगणकाकडून शिकविण्याचें काम करवून घेण्याचा प्रयोग आरंभिला. यंत्राचें नांव इलियाक. त्यांत २८०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याचें वजन पांच टनांच्या घरांत होतें. एवढ्या धुडापुढें विद्यार्थी एकच बसे! त्याच्यासमोर दूरचित्रवाणीचा एक पडदा आणि थोड्या कळा असलेली एक पेटी. या योजनेला त्यांनीं प्लेटो हें नांव दिलें. तें लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचें असलें, तरी ग्रीक तत्त्ववेत्त्याचें स्मरण व्हावें असाच त्यामागें हेतु असावा.

बिट्झर यांच्या पत्नी मॅरिॲन या परिचारिका होत्या. गांवांतील मर्सी रुग्णालयाच्या परिचारिका-विद्यालयासाठीं त्यांनीं या यंत्रावर एक धडा रचला. १९६३ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. विषय होता हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाची शुश्रूषा. या धड्याची रीत मला फार मोलाची वाटते. यंत्र विद्यार्थिनीला उत्तर सांगत नसे. रुग्णाच्या स्थितीविषयीं तिनें स्वतः विचारावयाचें, माहिती मिळवावयाची, कोणता उपाय केला असतां काय होतें तें पाहावयाचें, आणि आपल्या शोधानें उत्तरापर्यंत पोहोंचावयाचें. पडद्यावरचा रुग्ण तिच्या चुका सोसत असे. खऱ्या रुग्णाला तें शक्य नाहीं. पुढें मॅरिॲनबाईंनीं मार्था बूद्रो या सहकारिणीबरोबर बाळंतिणीच्या शुश्रूषेचे धडेहि केले, आणि १९६९ सालीं त्या दोघींनीं या अनुभवावर लेख लिहिला. माझ्या भाचीला हें सांगितलें तेव्हां ती क्षणभर गप्प बसली. आपण ज्या वाटेवर अडखळत आहों तिच्यावरून दोन बायका ५० वर्षांपूर्वींच चालून गेल्या आहेत, हें ऐकून तिला आनंद झाला कीं वाईट वाटलें, मला कळलें नाहीं.

परंतु येथें एक अडचण लक्षांत घेतली पाहिजे. त्या आरंभीच्या काळांत धड्याचा विचार शिक्षिकेचा असला, तरी तो यंत्राला समजेल अशा आज्ञावलींत उतरविण्यासाठीं यंत्रज्ञ लागे. मॅरिॲनबाईंना तो घरांतच लाभला होता. पण दर परिचारिकेनें अभियंत्याशींच लग्न करावें, अशी अट कांहीं घालतां येत नाहीं!

ही गांठ सोडविली ती अभियंत्यानें नव्हे, प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानें. पॉल टेन्झार हें त्याचें नांव. यंत्रज्ञांची भाषा शिक्षकांच्या माथीं मारण्याचा त्याला कंटाळा आला होता. १९६७ सालीं त्यानें 'ट्यूटर' नांवाची एक नवी, साधी भाषा रचली. अमक्या जागीं हें वाक्य लिही, येथें उत्तराची वाट पाहा, हें उत्तर आलें तर बरोबर म्हण, तें आलें तर चूक म्हण आणि असें समजाव. शिक्षक ज्या क्रमानें विचार करतो त्याच क्रमानें आज्ञा. विद्यार्थ्यानें शब्द थोडा अशुद्ध लिहिला तरी यंत्रानें तो ओळखावा, एवढी उदारताहि तिच्यांत होती. या दिवसापासून परिचारिकेला, डॉक्टरला, लॅटिनच्या पंतोजीला, कोणालाहि यंत्रज्ञाच्या दारीं न जातां धडा लिहितां येऊं लागला. १९७२ च्या सुमारास नव्या पडद्यावर नुसतें बोट टेकून उत्तर देण्याचीहि सोय झाली. आज आपण ज्या कांचेवर बोटें फिरवितों तिची ती पणजीच म्हणावयाची.

लिहिणारे वाढले, तशा चुकाहि वाढल्या. धडा अडला, यंत्र विचित्र वागूं लागलें, तर विचारावयाचें कोणाला? प्रथम एक सामाईक वही यंत्रांत उघडी ठेवलेली होती. कोणीहि तींत तक्रार लिहावी, कोणीहि पुसावी, कोणाच्याहि नांवानें खोटें लिहावें, असा कारभार. १९७३ सालीं डेव्हिड वूली नांवाच्या मुलाला ती नीट करण्याचें काम सांगितलें गेलें. त्याचें वय १७ वर्षांचें. त्यानें जी वही तयार केली तिचें नांव 'नोट्स'. लिहिणाऱ्याचें नांव आणि दिनांक यंत्र आपण होऊनच घाली. प्रश्नाच्या खालीं उत्तर, उत्तराच्या खालीं दुसऱ्याचें उत्तर, अशी ओळ लागे. तिचे तीन भाग होते: एक यंत्रशाळेच्या सूचनांचा, एक सर्वसाधारण चर्चेचा आणि एक नुसत्या मदतीचा. धडा लिहितांना अडलेल्या माणसानें मदतीच्या भागांत प्रश्न टाकावा, आणि रात्रींतून कोणा अनोळखी माणसाचें उत्तर आलेलें सकाळीं पाहावें. शिवाय सल्लागार नेमलेले असत. लेखकानें हांक मारली, कीं सल्लागार आपल्या जागेवरून त्याचाच पडदा पाहूं शके आणि म्हणे, "ती तिसरी ओळ पाहा, तेथें चुकलें आहे."

श्रोतेहो, प्लेटोच्या सबंध इतिहासांत मला मोह पडला तो याच गोष्टीचा. पडदे, कळा, नळ्या हें सर्व विद्यापीठानें पैसे देऊन मिळविलें. परंतु विचारणाऱ्याला लाज वाटूं नये आणि सांगणाऱ्याला कंटाळा येऊं नये अशी जागा एका पोरसवदा मुलानें उभी केली. शिक्षकाला आपलें अज्ञान चारचौघांत कबूल करावें लागणें ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे तर ती फार मोठी गोष्ट आहे.

पुढची कहाणी थोडक्यांत सांगतों. एका मोठ्या व्यापारी कंपनीनें १९७६ सालीं प्लेटो विकावयास काढला. त्याचा खर्च लहान शाळांना पेलण्यासारखा नव्हता, आणि थोड्याच वर्षांत स्वस्त घरगुती संगणक आले. त्या वंशांतील शेवटचें मोठें जाळें २०१५ सालीं बंद झालें.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची गोष्ट सांगितली पाहिजे. या ग्रंथालयाच्या लिस्टर हिल केंद्रानें १९७२ सालीं एक जाळें उभारलें. बॉस्टनचें मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालय, ओहायो स्टेट विद्यापीठ आणि इलिनॉय विद्यापीठाचें वैद्यकीय महाविद्यालय या तीन ठिकाणीं तयार झालेले धडे दूरध्वनीच्या तारांवरून देशभरच्या वैद्यकीय शाळांना मिळूं लागले. बॉस्टनच्या धड्यांत बेशुद्ध पडलेला किंवा पोटांत दुखणारा असा एक कल्पित रुग्ण विद्यार्थ्यापुढें ठेवीत, आणि त्याला काय विचारावें, काय तपासावें हें विद्यार्थ्यावरच सोंपवीत. सरकारी खर्चानें हें चाललें तोंपर्यंत मागणी भरपूर. मग वापरणाऱ्यांकडून शुल्क घेण्यास आरंभ झाला, आणि १९७५ सालीं सरकारी आधार संपला. एवढ्यावर सर्व आटोपलें असतें तर नवल नव्हतें; पण तसें झालें नाहीं. धड्यांची गोडी लागलेल्या संस्थांनीं आपला पैसा घालून तें जाळें पुढें चालविलें. मला यांत एक व्यवहारी शहाणपण दिसतें. सरकारनें आरंभीं दिलेला पैसा वाया गेला नाहीं, कारण त्यानें धडे तर विकत घेतलेच, पण ते मागणारीं माणसेंहि तयार केलीं.

इंग्लंडांत याच्या उलट बाजूनें सुरुवात झाली. या शतकाच्या पहिल्या दशकांत तेथील क्ष-किरणतज्ज्ञांची कमतरता भरून काढण्यासाठीं त्यांच्या रॉयल कॉलेजनें आणि सरकारच्या आरोग्यखात्यानें मिळून संगणकावरील धड्यांचा मोठा संग्रह केला. धडे लिहिणारे स्वतः क्ष-किरणतज्ज्ञ. रचना करून देणारीं माणसें वेगळीं. आणि मजकुराची जबाबदारी कॉलेजची. त्यांतूनच पुढें 'ई-लर्निंग फॉर हेल्थकेअर' ही सर्व आरोग्यसेवेसाठींची योजना वाढली. रुग्णालयांतील तज्ज्ञाला पैशापेक्षां वेळ कमी असतो. तो रात्रीं जागून एक धडा लिहील, दोन लिहील. दहा लिहावयाचे असतील तर ते त्याच्या कामाचाच भाग मानले गेले पाहिजेत. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणीं हा धडा "सवडीनें करा" या दोन शब्दांवर सोडलेला असतो, आणि परिचारिकेला सवड कधीं असते तें तिच्या घरच्यांना विचारावें.

आतां एक गोष्ट अशी, जिनें लिहिलेल्या धड्यालाच बाजूला सारलें. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यांत आल्बकर्की येथें संजीव अरोरा हे भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ डॉक्टर काम करीत. हिपॅटायटिस सी या रोगाचे रुग्ण शेंकडों मैलांवरून त्यांच्याकडे येत, आणि भेटीसाठीं त्यांना आठ आठ महिने थांबावें लागे. रोग बरा होण्यासारखा. परंतु त्या वेळचीं औषधें त्रासदायक, म्हणून गांवचा डॉक्टर तीं देण्यास धजत नसे. १९५५ च्या ऑल्बनींतील डॉक्टरांसारखाच हाहि एकटा माणूस. २००३ सालीं अरोरा यांनीं 'एको' नांवाचा उपक्रम सुरू केला. दर आठवड्याला गांवोगांवचे डॉक्टर पडद्यावर एकत्र येत. प्रत्येकानें आपला एक रुग्ण, नांव न सांगतां, सर्वांपुढें ठेवावयाचा. तज्ज्ञांनीं सल्ला द्यावयाचा आणि इतरांनीं ऐकून शिकावयाचें. उपचार मात्र गांवच्या डॉक्टरानेंच करावयाचा.

याचा पडताळा २०११ सालीं प्रसिद्ध झाला. एकूण ४०७ रुग्ण. विद्यापीठाच्या दवाखान्यांत शेंकडा ५७.५ रुग्णांच्या रक्तांतून विषाणु नाहींसा झाला. गांवच्या दवाखान्यांत आणि तुरुंगांत, एकोच्या आधारानें, शेंकडा ५८.२. म्हणजे दोन्हींकडे सारखाच गुण. आठ महिने थांबावयाचें कारण उरलें नाहीं. या यशांत यंत्राचा वाटा किती? एक पडदा आणि एक तार. बाकी सर्व वाटा दर आठवड्याला ठरल्या वेळीं हजर राहणाऱ्या माणसांचा.

आपल्या देशांत या दोन्ही वाटा आल्या. एकोच्या धर्तीवरचे वर्ग येथेंहि चालतात. आणि २०२० च्या एप्रिलांत, महामारीनें सर्व दारें लावून घेतलीं तेव्हां, मुळांत शाळांतील शिक्षकांसाठीं असलेल्या 'दीक्षा' या व्यवस्थेवर केंद्र सरकारनें डॉक्टर, परिचारिका आणि इतर आघाडीवरच्या सेवकांसाठीं धडे घातले. घाईच्या वेळीं जें करावयाचें तें केलें, आणि त्याचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु एका ठिकाणीं तयार झालेला धडा सबंध देशाला पाठविला, कीं तो मेळघाटांतहि तोच आणि मुंबईंतहि तोच. भाषा बदलली तरी खाट, दिवा, चादर हीं बदलत नाहींत. वरून आलेल्या धड्याला दुरुस्त करण्याचा अधिकार खालच्या शिक्षिकेला असावा, आणि तें करण्यास तिला हात मिळावा, एवढें तरी मागावयास हरकत नसावी.

माझ्या भाचीला मीं हें सर्व पत्रानें कळविलें. तिला त्यांतील तिघेच आवडले: मॅरिॲनबाई, प्राणिशास्त्राचा तो विद्यार्थी आणि १७ वर्षांचा मुलगा. तिनें आपल्या गांवच्या तंत्रनिकेतनांत जाऊन चौकशी केली, आणि तेथील एक विद्यार्थी आठवड्यांतून दोन संध्याकाळ तिच्याकडे येऊं लागला. त्याला प्रथम रक्ताचीं चित्रें पाहवेनात. तिनें त्याला सांगितलें, कीं तो बिटाचा रस आहे. आणि खरोखरच तो बिटाचा रस होता, मापानें मोजून चादरीवर ओतलेला. दोन महिन्यांत १२ चित्रांचा धडा उभा राहिला. विद्यार्थिनीनें अंदाज सांगावयाचा, मग खरें माप पाहावयाचें, आणि काय करावयाचें तें निवडावयाचें.

पहिल्या तुकडीनें तो करून पाहिला. अंदाज पहिल्या खेपेपेक्षां दुसऱ्या खेपेस बरे आले, असें तिचें पत्र होतें. पण एका आडगांवच्या मुलीनें हात वर करून विचारलें, "बाई, आमच्याकडे चादर पांढरी कुठें असते? बाई आपल्याच लुगड्यावर निजते, आणि तें बहुधा गडद रंगाचें असतें. त्यावर रक्त दिसतच नाहीं."

तेव्हां धडा पुन्हां लिहावयास घेतला आहे. भाची हल्लीं ओळखीच्या घरांतून गडद रंगाचीं जुनीं लुगडीं गोळा करीत असते. आमच्या घरांतूनहि दोन गेलीं आहेत.